'सॉलिटरी' या एका शब्दावर घासून बघितलेल्या इंग्रजी डिक्शनऱ्या

डिक्शनरी चांगली कशी ओळखायची असं विचारलं की लोक सांगतात शब्द किती आहेत बघा, ऑफलाइन चालते का बघा, उच्चार ऐकू येतो का बघा. मी एकच शब्द टाकते, सॉलिटरी, आणि काय येतंय ते वाचते. त्यावरून मला त्या डिक्शनरीबद्दल जेवढं कळतं तेवढं तिच्या जाहिरातीवरून कधीच कळत नाही.

हाच शब्द का, तर वरवर तो अगदी साधा दिसतो, "एकटा" म्हटलं की झालं असं वाटतं, पण त्याच्या पोटात पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी आहेत. माणूस आत्ता एकटा आहे ही नुसती वस्तुस्थिती, त्याला एकटं राहायला आवडतं हा स्वभाव, कुणाच्या सोबतीशिवाय केलेलं काम, आजूबाजूला दुसरं काहीच नाही असं दृश्य, "एकसुद्धा नाही" मधला एक, आणि तुरुंगात दिली जाणारी शिक्षा. शिवाय शेजारी अलोन, लोनली, लोन, लोनसम, आयसोलेटेड अशी सगळी भावंडं उभी आहेत आणि वाचणाऱ्याला नेमकं यांच्यातलं कोण कुठं बसतं हेच हवं असतं. जी डिक्शनरी एवढं नीट सोडवून दाखवते ती बाकीच्या शब्दांनाही न्याय देते असा माझा विश्वास बसलाय.

आधी इंग्रजी-मराठी अ‍ॅप्सबद्दल बोलू कारण बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात. नाव कुणाचं घेत नाही, या प्रकारची खूप अ‍ॅप्स आहेत आणि मी वापरली त्यात सगळीकडे दुखणं तेच होतं. शब्द टाकला की एका ओळीत स्वल्पविराम देऊन येतं, एकटा, एकाकी, निर्जन, एकांतप्रिय, एकमेव. पाचही शब्द बरोबर आहेत! पण कुठला कुठं वापरायचा हे कुठंच नाही, त्यामुळं वाचणारा पहिला किंवा जो जरा भारदस्त वाटतो तो उचलतो, आणि तो असतो एकाकी. मग "शी लाइक्स सॉलिटरी वॉक्स" चं होतं "तिला एकाकी फेरफटके आवडतात", आणि ती बिचारी मजेत एकटीनं फिरायला जाणारी बाई एकदम दुःखी होऊन बसते. "टायगर्स आर सॉलिटरी अ‍ॅनिमल्स" चं होतं "वाघ एकाकी प्राणी आहे". अहो वाघाला कसला आलाय एकाकीपणा, तो कळप करून राहत नाही एवढंच तर म्हणायचंय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे "सॉलिटरी चाइल्ड" चं "एकुलतं एक मूल" केलेलं मी स्वतः वाचलंय, त्या मुलाला घरात तीन भावंडं असतील पण ते आपलं आपल्यातच रमतं, एवढाच त्याचा अर्थ होता.

म्हणजे चूक शब्दसंग्रहाची नाही, आपल्या भाषेत तर या बाबतीत इतकी समृद्धी आहे की विचारू नका. एकटा वेगळा, एकाकी वेगळा, एकलकोंडा वेगळा, एकांडा वेगळा, सडाफटिंग तर आणखीनच वेगळा. एकलकोंड्यात थोडी नापसंती आहे, लोकांत मिसळत नाही अशी तक्रार आहे. एकांडा म्हटलं की शिलेदार आठवतो, कुणाच्या फौजेत नाही, आपला आपण लढतो. एकांत तर आपण मुद्दाम शोधतो. इतके तयार शब्द हाताशी असताना अ‍ॅपनं प्रत्येकापुढं एकेक उदाहरणवाक्य दिलं असतं तरी पुरलं असतं, पण तेवढंही देत नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता इंग्रजी-इंग्रजीकडं. ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे शिकणाऱ्यांसाठीची, वेबवर फुकट आहे आणि या शब्दासाठी मी पहिला नंबर तिलाच देईन. अर्थाचे चार भाग पाडलेत. एक, सोबतीशिवाय केलेली गोष्ट. दोन, एकटं राहणं आवडणारा किंवा बराच वेळ एकटा असणारा माणूस वा प्राणी. तीन, आसपास दुसरं कुणी किंवा काही नाही अशी व्यक्ती, वस्तू किंवा जागा. चार, फक्त एक, आणि हा अर्थ विशेषतः नकारार्थी वाक्यात आणि प्रश्नात येतो अशी सूचना. ही चौथ्या अर्थाची सूचना सोन्यासारखी आहे, कारण "नॉट अ सॉलिटरी वर्ड" म्हणजे "एक अवाक्षरही नाही" हे कळलं नाही तर माणूस तिथं एकट्या पडलेल्या शब्दाचा काहीतरी काव्यमय अर्थ लावत बसतो. काही अर्थांपुढं "बहुधा नामाच्या आधी" अशी छोटी खूण पण आहे, ती लोक वाचतच नाहीत, वाचा, तिच्यात अर्धं व्याकरण असतं.

उच्चार दोन्ही ऐकायला मिळतात आणि या शब्दाच्या बाबतीत ते लागतातच, कारण ब्रिटिश माणूस मधला स्वर गिळून साधारण सॉलट्री म्हणतो आणि अमेरिकन माणूस सालटेरी असं चार तुकड्यांत मोकळं म्हणतो. आपण जे सॉलिटरी म्हणतो ते दोघांच्या मधलं आहे, चालतं, कुणी अडत नाही, पण ऐकताना ओळखू आलं पाहिजे. नाम म्हणूनही हा शब्द येतो हे तिथं कळतं, बोलीत "सॉलिटरी" म्हणजे सरळ तुरुंगातली एकांतकोठडी, आणि जरा औपचारिक भाषेत स्वतःहून एकटा राहणारा माणूस.

या डिक्शनरीचा इतिहास मला फार आवडतो म्हणून सांगते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना कुठं अडतं हे त्यांनी वर्गात बघितलं आणि सहकाऱ्यांबरोबर डिक्शनरी तयार केली, ती 1942 मध्ये जपानमध्येच आधी निघाली आणि 1948 मध्ये ऑक्सफर्डनं ती आपल्या नावानं काढली. म्हणजे ही मुळातच आपल्यासारख्यांसाठी बनलेली वस्तू आहे, इंग्रजांसाठी बनवून मग सोपी केलेली नाही, आणि ते वापरताना जाणवतं.

केंब्रिजची पण चांगली आहे, व्याख्या आणखी सुटसुटीत, मोबाइलवर पटकन बघायला बरी. बाकी ऑक्सफर्डसारखीच, त्यामुळं तिच्यावर फार लिहीत नाही.

लाँगमनची बघाच. 1978 मध्ये ती पहिल्यांदा आली तेव्हा त्यांनी ठरवलं की सगळ्या व्याख्या साधारण 2000 सोप्या शब्दांत बसवायच्या, आणि आजही तिचा तो गुण टिकून आहे, व्याख्या समजायला दुसरी डिक्शनरी उघडावी लागत नाही. सॉलिटरीच्या बाबतीत तिनं एक फार मोलाची गोष्ट केलीय, जास्त वेळ एकटा राहणारा एवढ्यावर न थांबता बहुतेक वेळा तसं राहणं आवडतं म्हणून, हे व्याख्येतच घातलंय. त्या एका तुकड्यानं लोनली आणि सॉलिटरी यांच्यातली भिंत उभी राहते. लोनली माणसाला सोबत हवी असते आणि ती नसते. सॉलिटरी माणसाला ती फारशी लागतच नाही.

कॉलिन्सची कोबिल्ड ज्यांनी बघितली नाही त्यांनी एकदा तरी उघडावी, तिची पद्धतच निराळी. 1987 मध्ये बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीत जॉन सिंक्लेअर यांच्या हाताखाली ती तयार झाली, कंप्युटरवर खऱ्या इंग्रजी मजकुराचा मोठा साठा गोळा करून त्यातून शब्द कसे वापरले जातात ते बघून, आणि व्याख्या तुकड्यात न देता पूर्ण वाक्यात द्यायची असं त्यांनी ठरवलं. म्हणजे सॉलिटरी पुढं "एकटा" असं न लिहिता, एखादी व्यक्ती किंवा प्राणी सॉलिटरी असेल तर तो बराच वेळ एकटा घालवतो, आणि एखादी कृती सॉलिटरी असेल तर ती तुम्ही एकट्यानं करता, अशा धर्तीवर सांगतात. फायदा असा की हा शब्द कशाला लावायचा हे व्याख्येतच येतं. विशेषणाचं खरं मर्म तेच असतं ना, ते कुठल्या नामाला चिकटतं. ज्यांना परीक्षेपुरतं नको, लिहायला इंग्रजी हवंय, त्यांना मी ऑक्सफर्डच्या जोडीला हीच सुचवते.

आणि आता मेरियम-वेबस्टर, अमेरिकेतली, जिच्यामुळं माझी खरी विचारचक्रं फिरली. व्याख्या जरा जड आहेत, शिकाऊ माणसाला दमवतात, पण तिच्यात समानार्थी शब्दांवर एक परिच्छेद असतो आणि त्यात अलोन, सॉलिटरी, लोनली, लोनसम, लोन, फॉरलॉर्न, डेसोलेट हे सगळे एका रांगेत उभे करून प्रत्येकात काय जास्त आहे ते सांगितलंय. अलोन म्हणजे नुसती वस्तुस्थिती, भावना कमीत कमी. लोनलीत सोबतीची ओढ. लोनसममध्ये ते दुःख आणखी गडद. लोन पुन्हा अलोनसारखाच कोरडा. फॉरलॉर्न म्हणजे जवळच्या माणसापासून दुरावल्यामुळं खचलेला. डेसोलेट म्हणजे भरून न येणारं नुकसान झालेला, पार उजाड. पण सॉलिटरीबद्दल ते म्हणतात की हा एकटेपणा स्वतः निवडलेला असू शकतो, तरी जास्त करून त्यातून दुःख आणि काहीतरी गमावल्याची जाणीवच सूचित होते.

म्हणजे बघा, लर्नर्स डिक्शनऱ्या म्हणतात एकटं राहणं आवडणारा, आणि अमेरिकेतली इतकी जुनी-जाणती डिक्शनरी म्हणते बहुधा दुःखी. कोण बरोबर? मी यावर बराच विचार केला आणि वाचताना जिथं जिथं हा शब्द भेटला तिथं थांबून बघत गेले, आणि माझं मत असं झालंय की दोघीही बरोबर आहेत, फक्त पुढं कुठलं नाम आहे ते बघायला हवं. पुढं कृती असेल, म्हणजे वॉक, वर्क, प्लेझर, स्पोर्ट, तर सुख-दुःख काही नाही, उलट बऱ्याचदा समाधानच. पुढं प्राणी असेल तर शुद्ध शास्त्रीय माहिती. पुढं फिगर, ट्री, लाइट असं काही दिसणारं असेल तर चित्र, आणि त्या चित्रात उदासी आहे का नाही हे आजूबाजूची वाक्यं ठरवतात. पण पुढं लाइफ असेल, किंवा कुणाच्या तरी मरणानंतर मागं राहिलेल्या माणसाबद्दल हा शब्द आला असेल, तेव्हा मेरियम-वेबस्टर म्हणते ते दुःख खरोखर त्यात उतरतं. म्हणून मराठीत आणताना "सॉलिटरी लाइफ" ला एकाकी आयुष्य म्हणायचं की एकट्यानं काढलेलं आयुष्य म्हणायचं की एकांतातलं, हे पूर्ण उतारा वाचल्याशिवाय ठरवूच नये.

व्याकरणाकडं येते कारण सगळ्यात जास्त चुका तिथं होतात आणि डिक्शनऱ्यांची खरी परीक्षा पण तिथंच. अलोन हे विशेषण नामाच्या आधी येत नाही. "अ‍ॅन अलोन मॅन" असं इंग्रजीत चालतच नाही, "द मॅन वॉज अलोन" चालतं. असलीप, अफ्रेड, अलाइव्ह यांचंही तसंच आहे, अ-नं सुरू होणारी ही सगळी टोळी क्रियापदाच्या मागून येते. नामाआधी काही हवं असेल तर लोन किंवा सॉलिटरी घ्यायचा. लोनचं बरोबर उलटं, तो नामाआधीच येतो, "अ लोन वुल्फ" चालतं पण "द वुल्फ वॉज लोन" नाही. (बँकेच्या लोनशी याचा काही संबंध नाही, देवनागरीत सारखं दिसतं एवढंच, इंग्रजी स्पेलिंग वेगळं आहे.) सॉलिटरी दोन्हीकडं चालतो पण त्याला नामाआधी बसायला जास्त आवडतं. लोनली पण दोन्हीकडं चालतो, आणि त्याच्या शेवटी "ली" आहे म्हणून लोक त्याला क्रियाविशेषण समजतात आणि "ही लिव्ह्ज लोनली" लिहितात, तसं नाही, तिथं "ही लिव्ह्ज अलोन" किंवा "बाय हिमसेल्फ" किंवा "ऑन हिज ओन" हवं. या सगळ्या गोष्टी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडं सापडतात, पण त्यासाठी सॉलिटरीचं पान सोडून अलोनच्या पानावर जावं लागतं, आणि जिथं हे शब्द एकत्र समजावलेत त्या चौकटी नक्की बघा, मी तर म्हणेन आधी त्या चौकटी वाचा आणि मग व्याख्या.

यानंतर मी प्रत्येक डिक्शनरीत बघते ते शास्त्रातले वापर, कारण तिथं चूक झाली तर नुसती शैली बिघडत नाही, अर्थच उलटतो. मेडिकल रिपोर्टात "सॉलिटरी नोड्यूल" लिहिलेलं असतं. फुप्फुसातली "सॉलिटरी पल्मनरी नोड्यूल" म्हणजे 3 सेंटिमीटरपर्यंतची एकच गोलसर गाठ, बाजूला निरोगी फुप्फुस. इथं सॉलिटरी म्हणजे फक्त "संख्येनं एक". त्याचं भाषांतर कुणी "एकाकी गाठ" केलेलं वाचलं की मला कसंतरीच होतं, आधीच घाबरलेल्या माणसाच्या हातात तो कागद असतो हो, त्याला सरळ "एकच गाठ" असं कळलं पाहिजे. "सॉलिटरी किडनी" म्हणजे एकच किडनी असणं. एवढंच.

प्राणिशास्त्रात अजून बारीक गंमत आहे. मधमाश्यांच्या 20,000 हून जास्त जाती माहीत आहेत आणि त्यातल्या बहुतेक सॉलिटरी आहेत, म्हणजे पोळं, राणी, कामकरी असला संसार नाही, प्रत्येक मादी आपलं बिळासारखं घरटं स्वतः करते, त्यात पराग साठवते, अंडी घालते. पण यातल्या काही जाती एकाच जमिनीच्या तुकड्यात शेजारी शेजारी शेकड्यांनी घरटी करतात! बघणाऱ्याला वाटेल केवढी गर्दी, तरी शास्त्रज्ञ त्यांना सॉलिटरीच म्हणतात, कारण काम वाटून घेणं नाही. म्हणजे इथं सॉलिटरीचा "आसपास कुणी नाही" याच्याशी संबंधच उरला नाही. आणि टोळांचं तर त्याहून पुढं, वाळवंटी टोळ एकेकटा राहतो तेव्हा त्या अवस्थेला सॉलिटरी म्हणतात आणि दाटी झाली की तोच टोळ रंग-रूप-वागणूक बदलून झुंडीत जातो. एकाच प्राण्याच्या दोन अवस्था, म्हणजे स्वभाव म्हणून पण हा शब्द पुरत नाही.

लहान मुलांच्या अभ्यासात "सॉलिटरी प्ले" असा शब्द आहे. मिल्ड्रेड पार्टन यांनी 1932 मध्ये मुलांच्या खेळाचे प्रकार मांडले त्यातला तो एक, मूल इतरांकडं लक्ष न देता स्वतःच्या खेळण्यात गुंग असतं तो. शाळेच्या अहवालात हे वाचून आई-बाबा धसकतात की मूल एकटं पडलंय का, पण त्या शब्दात काळजी करण्यासारखं काही नाहीये, दोन-तीन वर्षांची मुलं असंच खेळतात, मोठी मुलंही मधूनमधून खेळतात.

भौतिकशास्त्रात सॉलिटरी वेव्ह. 1834 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका कालव्यावर जॉन स्कॉट रसेल यांनी बघितलं की घोड्यांनी ओढलेली होडी अचानक थांबली तरी तिच्यापुढचा पाण्याचा एकच उंचवटा आकार न बदलता पुढं जात राहिला, आणि घोड्यावर बसून ते त्याच्या मागं मैल-दोन मैल गेले. पुढं 1965 मध्ये अशा लाटांसाठी सॉलिटॉन हा शब्द तयार झाला. इतक्या ठिकाणचे वापर एका जागी हवे असतील तर मोठ्या ऑक्सफर्डला, म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीला, पर्याय नाही, तीच जिचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला आणि काम पुरं व्हायला 1928 उजाडलं. ती फुकट नाही, पण तुमच्या कॉलेजच्या लायब्ररीचं सदस्यत्व असेल तर चौकशी करा, कधीकधी त्यातून बघायला मिळते. त्यात शब्दाचे जुन्यातले जुने वापर तारखांसकट रचलेले असतात आणि ते वाचत बसणं हा मला तरी फार मोठा आनंद वाटतो.

तुरुंगातल्या अर्थाबद्दल सगळ्याच डिक्शनऱ्या एका ओळीत उरकतात आणि इथं माझी तक्रार आहे. सॉलिटरी कन्फाइनमेंट म्हणजे कैद्याला एकटं ठेवणं, बरोबर, पण किती एकटं? संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये कैद्यांच्या वागणुकीचे जे नियम मंजूर केले, ज्यांना मंडेला रूल्स म्हणतात, त्यात व्याख्या स्पष्ट आहे, दिवसाला 22 तास किंवा जास्त, माणसांशी अर्थपूर्ण संपर्काशिवाय. आणि सलग 15 दिवसांपेक्षा जास्त झालं तर ते प्रदीर्घ, आणि त्याला बंदी. अमेरिकेत फिलाडेल्फियाला 1829 मध्ये जो मोठा तुरुंग उघडला तिथं तर कैद्यांना एकटं ठेवण्यामागं हेतू असा होता की एकांतात माणूस अंतर्मुख होईल, पश्चात्ताप करेल. म्हणजे साधकाला जो एकांत हवासा वाटतो तोच कैद्यावर लादला, आणि त्यातून लोकांची मनं ढासळली. मराठीत पण बघा, एकांतवास हा शब्द आपण साधनेलाही वापरतो आणि शिक्षेलाही, तेव्हा भाषांतर करताना "एकांतवासाची शिक्षा" असं पूर्ण लिहावं, अर्धवट सोडू नये.

आणि नाम घेताना पण हीच काळजी. ब्रिटननं 2018 च्या जानेवारीत लोनलिनेससाठी मंत्री नेमला, जपाननं 2021 मध्ये तसंच केलं, त्याचं भाषांतर एकाकीपणा असंच व्हायला हवं, एकांत असं केलं तर सरकार लोकांचा एकांत मोडायला निघालंय असा उलटाच बोध होईल. सॉलिट्यूड म्हणजे एकांत, तो सरकारनं दूर करण्याची गोष्ट नव्हे.

शब्दाचं मूळ बघायचं असेल तर एटिमऑनलाइन ही साइट, डग्लस हार्पर यांनी उभी केलेली, फुकट आणि वाचायला सोपी. सॉलिटरी हा लॅटिनमधल्या "सोलुस", म्हणजे एकटा, यातून आलेला, इंग्रजीत चौदाव्या शतकापासून आहे. त्याच घरातले सोल (एकमेव या अर्थाचा, आत्म्याचा नव्हे), सोलो, सॉलिट्यूड, सॉलिलोक्वी म्हणजे स्वगत, आणि डेसोलेट पण. पत्त्यांचा सॉलिटेअर, अंगठीतला एकच हिरा तोही सॉलिटेअर, आणि रॉड्रिग्ज बेटावरचा डोडोचा नातेवाईक, आता नामशेष झालेला पक्षी, तो कळपात दिसत नसे म्हणून त्याचंही नाव सॉलिटेअर. मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते सलन या शब्दाचं, घुम्या, तोंड फुगवून बसलेला, त्याचंही मूळ तिथंच पोचतं. अलोन मात्र अस्सल इंग्रजी, "ऑल वन", अगदी एकटा. पुढं त्यातला अ गळून पडला आणि लोन झाला, त्याला "ली" लागून लोनली. हा लोनली शेक्सपियरच्या काळातला, पण तेव्हा त्याचा अर्थ नुसता एकटा किंवा लोकांपासून लांब असाच होता, सोबत नाही म्हणून मन खात राहणं हा आजचा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्का झाला. म्हणजे जुनं इंग्रजी वाचताना लोनली दिसलं की लगेच उदास भाषांतर करू नका, आधी साल बघा.

मशीन ट्रान्सलेशनबद्दल विचारणारे असतातच. पूर्ण वाक्य दिलं तर पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय हे मान्य करते, पण नुसता शब्द टाकला तर त्या अ‍ॅप्ससारखीच यादी येते, आणि वाक्य तुटक असेल तर अजूनही बऱ्याचदा एकाकी कडंच धावतं. माझं काम मी असं करते की आधी कोबिल्डमध्ये नाम कुठलं चालतं ते बघायचं, मग मेरियम-वेबस्टरचा समानार्थी परिच्छेद, आणि मग मराठी शब्द स्वतःच्या डोक्यातून काढायचा. मराठी शब्द अडला तर मोल्सवर्थची जुनी डिक्शनरी, 1857 ची आवृत्ती, शिकागो युनिव्हर्सिटीच्या साइटवर फुकट शोधता येते. ती मराठी-इंग्रजी आहे, म्हणजे उलट्या दिशेनं, पण एकटा, एकांडा, एकलकोंडा असे आपले शब्द एकेक टाकत जायचं आणि कुठला इंग्रजी शब्दाच्या जवळ जातो ते ताडून बघायचं, वेळ लागतो पण असा शोधलेला शब्द वाक्यात चपखल बसतो.

शाळेतल्या मुलांसाठी घेत असाल तर लाँगमन किंवा ऑक्सफर्ड लर्नर्स, कॉलेजला आणि स्पर्धा परीक्षेला ऑक्सफर्डसोबत कोबिल्ड, भाषांतर करणाऱ्यांना या दोन्ही आणि वर मेरियम-वेबस्टर. आणि यातली निदान एक छापील घरात ठेवा असं मी आग्रहानं सांगेन. मॅकमिलनची लर्नर्स डिक्शनरी किती सुंदर होती, 2012 मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता छापणार नाही, फक्त ऑनलाइन, आणि मग 2023 च्या जूनअखेरीला ती साइट पण बंद झाली. ज्यांच्याकडं तिची छापील प्रत आहे ते आजही ती उघडून सॉलिटरी काढू शकतात, बाकीच्यांना ती सोय राहिली नाही.